पाषाणातील अरण्याचे अभ्यासक : बिरबल साहनी

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौ येथे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते एका नव्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. ही कोनशिला सर्वसाधारण कोनशिलांसारखी नव्हती. निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या भूयुगांत वाढलेल्या वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष तिच्यात बसविलेले होते. ती कल्पना संस्थेच्या संस्थापकाची, प्राध्यापक बिरबल साहनी यांची होती. या समारंभानंतर पुरता एक आठवडाही उलटला नाही. ९ एप्रिलची रात्र संपण्यापूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने साहनी यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी सत्तावन्न वर्षांचे होते. ज्या भूमीवर संस्था उभी राहावयाची होती, त्याच भूमीवर त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. इमारतीचा पाया घातला गेला होता. परंतु भिंती उभ्या राहिलेल्या पाहणे तिच्या निर्मात्याच्या नशिबी नव्हते.

आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला साहनी हे नाव परिचित असते, पण ते बहुधा एखाद्या टिपेपुरते. खोडाचा आडवा छेद, त्यातील वाहक ऊतकांची मांडणी, नेच्यांचे वर्ग, प्रकटबीज वनस्पतींची लक्षणे हे सारे तो परीक्षेपुरते पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. या आकृत्या म्हणजे पृथ्वीवरील एका महान स्थलांतराच्या खाणाखुणा आहेत, हे त्याला कोणी क्वचितच सांगते. साहनी यांनी आयुष्यभर त्या खुणांचे वाचन केले. त्यांच्या चरित्राची आठवण करून देण्याचे कारण एवढेच नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात बरोबर ठरलेल्या आणि चुकीच्या ठरलेल्या, अशा दोन्ही निष्कर्षांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचाही वस्तुपाठ त्या चरित्रात आहे.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पश्चिम पंजाबातील भेरा या गावी झाला. आज हे गाव पाकिस्तानात आहे. झेलम नदीच्या काठच्या या प्रदेशापासून मिठाच्या डोंगरांची प्रसिद्ध रांग फारशी दूर नाही. या डोंगरांशी पुढे साहनी यांचा जो संबंध आला, त्याची हकिकत यथावकाश येईलच. वडील रुचिराम साहनी हे लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ब्राह्मसमाजाच्या विचारांचे आणि सार्वजनिक कार्याची ओढ असलेले हे गृहस्थ मुलांना सुट्टीत हिमालयाच्या वाटांवर घेऊन जात. डोंगर चढताना झाडे आणि दगड या दोहोंकडे एकाच वेळी पाहण्याची सवय बिरबल यांना लागली ती याच भटकंतीत.

लाहोरला त्यांना शिवराम कश्यप यांच्यासारखे गुरू लाभले. कश्यपांचा विषय यकृतका आणि शेवाळी यांचा, म्हणजे ओलसर खडकांवर आणि झऱ्यांच्या काठी वाढणाऱ्या अगदी साध्या हिरव्या वनस्पतींचा. पाणी आणि जमीन यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या वनस्पतींचा परिचय त्या वयात व्हावा, हा योग पुढील आयुष्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. १९११ मध्ये बी. एस्सी. होऊन बिरबल इंग्लंडला गेले. बुद्धिमान मुलाने आय. सी. एस. व्हावे असे त्या काळातील बहुतेक सुशिक्षित घरांतून वाटे. साहनींच्या वडिलांच्याही मनात तेच होते, असे सांगतात. मुलाने मात्र वनस्पतिशास्त्राचा हट्ट धरला आणि वडिलांनी तो मानला. जिल्ह्याची सत्ता आणि आयुष्यभराची निश्चिंती सोडून दगडात रुतलेल्या पानांच्या मागे लागणे, हा त्या काळी व्यवहाराचा निर्णय नव्हता.

केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात त्यांनी १९१४ मध्ये पदवी घेतली आणि प्राध्यापक ए. सी. स्यूअर्ड यांच्या हाताखाली संशोधनाला आरंभ केला. स्यूअर्ड हे त्या काळचे पुरावनस्पतिशास्त्राचे अग्रगण्य अभ्यासक. दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांजवळ १९१२ मध्ये जे दगड सापडले, त्यांतील पानांचे ठसे ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे आहेत, हे स्यूअर्ड यांनीच १९१४ च्या सुमारास ओळखले. जिभेच्या आकाराची ही पाने भारतातील जुन्या कोळशाच्या थरांत विपुल सापडतात. आपल्या चंद्रपूर भागातील कोळसाही त्याच गोंडवन काळातील आहे. ध्रुवावरील बर्फात आणि भारतातील खाणींत एकाच वनस्पतीची पाने सापडावीत, या कोड्याने साहनींचे मन तेव्हापासून वेधले गेले.

येथे थोडे विषयांतर करून मूळ प्रश्न समजून घेणे अवश्य आहे. वनस्पतींचे पूर्वज गोड्या पाण्यात राहणाऱ्या हिरव्या शैवालांपैकी होते. पाण्यातील शैवालाला उभे राहण्यासाठी काठिण्य लागत नाही, कारण पाणीच त्याला तोलून धरते. त्याला मुळांची गरज नसते, कारण त्याचे सारे अंग पाणी शोषते. सुकण्याची भीती नसल्यामुळे अंगावर आवरणही लागत नाही. सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी यांतील काहींचे वंशज जमिनीवर स्थिरावू लागले, तेव्हा हे सारे प्रश्न एकदम पुढे आले. कोरड्या हवेत शरीरातील पाणी टिकावे म्हणून अंगावर मेणचट उपत्वचेचा पातळ थर आला. पण या थराने हवाही अडविली जाते. यास्तव उघडझाप करू शकणारी सूक्ष्म रंध्रे निर्माण झाली. जमिनीतून घेतलेले पाणी शेंड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी लांबट, पोकळ आणि मृत कोशिकांच्या नळ्या तयार झाल्या. लिग्निन या कठीण द्रव्याने त्यांच्या भिंती मजबूत झाल्या. हेच प्रकाष्ठ, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात लाकूड म्हणतो त्याचा पाया. एकाच ऊतकाने पाणी वाहून नेण्याचे आणि देहाला उभे धरण्याचे अशी दोन कामे पत्करली. पानांत तयार झालेले अन्न खाली नेणारे परिकाष्ठ हे त्याच्या जोडीला आले. बीजुकांना चिवट कवच आले आणि फार पुढे बीज अवतरले. मग पुनरुत्पादनासाठी पाण्याच्या थेंबावर अवलंबून राहण्याची गरजही उरली नाही.

या ऊतकांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, लिग्निनयुक्त भिंती, उपत्वचा आणि बीजुकांची कवचे सहजासहजी कुजत नाहीत. ज्या गुणांमुळे वनस्पती जमिनीवर जगू शकल्या, त्याच गुणांमुळे त्यांचे अवशेष खडकांत टिकले. योग्य परिस्थितीत पाण्यात विरघळलेली सिलिका कोशिकांत शिरून घट्ट होते आणि सारे ऊतक जसेच्या तसे दगड बनते. अशा दगडाचा पातळ काप घासून कागदाहून पातळ केला, की सूक्ष्मदर्शकाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खोडाचा छेद कालच कापल्यासारखा दिसू लागतो. साहनी इंग्लंडमध्ये होते त्याच सुमारास स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या खेड्याजवळ असाच एक अमोल खजिना हाती आला होता. १९१७ पासून किडस्टन आणि लँग यांनी तेथील वनस्पतींची वर्णने प्रसिद्ध केली. सुमारे एक्केचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या या वनस्पतींपैकी ऱ्हायनिया हिला ना मूळ होते ना पान. होते ते फक्त दुभंगत जाणारे हिरवे खोड आणि त्याच्या मध्यभागी पाणी वाहणाऱ्या कोशिकांचा बारीक दोरा. जमिनीवरील वनस्पतीचा आरंभीचा आराखडा अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष आला.

साहनी यांच्या अभ्यासाची रीत या पार्श्वभूमीवर समजते. ते जिवंत आणि अश्मीभूत वनस्पतींचा विचार कधी वेगळा करीत नसत. नेफ्रोलेपिस हा बागेतील नेचा असो, न्यू कॅलेडोनिया बेटावरील ट्मेसिप्टेरिस असो, की कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेले झायगोप्टेरिस कुलातील नेचे असोत, त्यांचा प्रश्न एकच असे. आज दिसणारी रचना कोणत्या जुन्या रचनेतून आली, हा तो प्रश्न. ट्मेसिप्टेरिस आणि तिची भगिनी सायलोटम यांना मूळ नसल्यामुळे त्या ऱ्हायनियाच्या काळातील अवशिष्ट वनस्पती असाव्यात, असे त्या वेळी पुष्कळांना वाटे. आज डी. एन. ए. च्या अभ्यासाने त्यांचे नाते नेच्यांशी असल्याचे दाखविले आहे. त्यांचा साधेपणा मूळचा नसून पुढे आलेला आहे. साध्या दिसणाऱ्या गोष्टी जुन्याच असतात असे नाही, हा धडा वनस्पतिशास्त्राला उशिरा मिळाला.

१९१५ मध्ये साहनी यांनी प्रसिद्ध केलेला एक छोटा निबंध येथे मुद्दाम लक्षात ठेवावयास हवा. गिंको या वृक्षाच्या बीजांडांत त्यांना परक्या वनस्पतींचे परागकण सापडले होते. वाऱ्याबरोबर आलेले पराग भलत्याच झाडाच्या बीजांडात शिरू शकतात. तेव्हा अश्मीभूत बीजांडात पराग सापडला, एवढ्यावरून दोन्ही एकाच वनस्पतीचे आहेत असे मानणे धोक्याचे आहे, असा इशारा त्यांनी दिला. तेवीस-चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिलेला हा इशारा शास्त्रीय सावधगिरीचा नमुना होता. नियतीने पुढे तो त्यांच्याच वाट्याला परत आणला.

१९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. घेऊन साहनी मायदेशी परतले. इंग्लंडमध्ये असतानाच त्यांनी लॉसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्ती विलिस यांच्यासमवेत सिद्ध केली. विलायतेतील रानफुलांची उदाहरणे पाठ करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तिच्यातून परिचित वनस्पती भेटल्या. पुढे कित्येक वर्षे हे पुस्तक आपल्या महाविद्यालयांतून चालले. १९२० मध्ये सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ अध्यापन करून १९२१ मध्ये ते नव्यानेच स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. अंगात पांढरी खादी घालून वर्गात येणारा हा प्राध्यापक फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी आकृत्या काढी, अशी आठवण सांगतात. खालच्या वर्गांचे अध्यापनही ते स्वतः करीत. थोर संशोधकाने प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवू नये, असा जो एक खोटा मोठेपणा आपल्याकडे रुजला आहे, त्याला त्यांच्या विभागात जागा नव्हती.

तत्कालीन बिहारातील आणि आता झारखंडात असलेल्या राजमहाल टेकड्या हे त्यांचे मोठे कार्यक्षेत्र. तेथील लाव्हाच्या थरांमधील खडकांत वनस्पतींचे उत्तम अवशेष मिळतात. अडचण अशी की, खडकात अख्खे झाड जवळजवळ कधीच सापडत नाही. पान एकीकडे, खोड दुसरीकडे, बीज तिसरीकडे आणि प्रत्येकाला निराळे नाव दिलेले. हे अवयव एकाच वनस्पतीचे आहेत हे सिद्ध करावयाचे, तर ऊतकांची रचना जुळवून पाहण्याखेरीज दुसरा भरवशाचा मार्ग नाही. १९३२ मध्ये साहनी यांनी अशा तुटक अवयवांची सांगड घालून एका संपूर्ण वनस्पतीचे चित्र उभे केले आणि आपल्या गुरूच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच, तिला विल्यमसोनिया स्यूअर्डियाना असे नाव दिले. त्याहून महत्त्वाचे काम निपानिया या खेड्याजवळच्या अवशेषांवरील होय. तेथील खोडाच्या छेदात बहुधा पाच वेगवेगळे काष्ठखंड मंडलाकार मांडलेले दिसतात. पाने एका गटाशी जुळतात, लाकूड दुसऱ्याशी आणि बीजांची मांडणी कोणाशीच नाही. १९४८ मध्ये साहनी यांनी या वनस्पतींसाठी पेंटॉक्सिली हा प्रकटबीज वनस्पतींचा एक स्वतंत्र वर्गच प्रस्थापित केला. त्या वेळी हे थर ज्युरासिक कालखंडातील मानले जात. आज ते त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातील समजले जातात. पुढे या वर्गाचे अवशेष न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही मिळाले.

भारत आणि न्यूझीलंड यांच्यात हे नाते कसे? हा पुन्हा तो ग्लॉसोप्टेरिसचाच प्रश्न. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी खंडे सरकतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी त्याची थट्टा केली. साहनी यांनी मात्र त्याचा वनस्पतींच्या अंगाने गंभीर विचार केला. भारतातील ग्लॉसोप्टेरिसची वनश्री आणि चीन-सुमात्रा भागातील त्याच काळची वनश्री आज एकमेकींच्या शेजारी येऊन ठेपल्या आहेत, पण त्यांच्यात साम्य जवळजवळ नाही. त्या कधी काळी फार दूर असल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. साठाच्या दशकात भूपट्टांच्या हालचालींचा सिद्धांत प्रस्थापित झाला आणि थट्टा करणारे मागे पडले. साहनी तेव्हा हयात नव्हते.

महाराष्ट्राच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे त्यांचे संशोधन दख्खनच्या काळ्या पाषाणासंबंधीचे आहे. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंतचा आपला बहुतेक मुलूख ज्या बेसाल्टवर उभा आहे, तो लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन प्रवाहांमधील काळात मधूनमधून तळी साचली, त्यांच्या काठी वने वाढली, आणि पुढच्या प्रवाहाखाली ती गाडली गेली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८५० च्या आसपास, नागपूरजवळच्या टाकळी येथून असे जीवाश्म गोळा केले होते. हिस्लॉप यांचे नाव आज तेथील महाविद्यालयाला आहे. साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आंतरप्रवाही थरांचा अभ्यास नव्या पद्धतीने हाती घेतला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान व सौसर हा परिसर नागपूरपासून फार दूर नाही. तेथील गारगोटीसारख्या दगडांत ताडमाडांची खोडे, फुले, फळे आणि पाणनेचे इतक्या सुस्थितीत सापडले, की त्यांच्या कोशिका मोजता याव्यात. भाताच्या खाचरांत आज तरंगणाऱ्या ॲझोला या इवल्या नेच्याचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज त्यांत होता. के. पी. रोडे यांनी तेथून मिळविलेल्या फळांत निपा या खाडीकाठच्या माडाचे फळ होते, आणि एका पाणनेच्याला साहनी यांनी रोडे यांचेच नाव दिले. आज जेथे समुद्र शेकडो मैल दूर आहे, तेथे त्या काळी खारे पाणी जवळपास असले पाहिजे, हे एका फळावरून उमगले.

या वनस्पतींच्या आधारे साहनी यांनी १९३४ पासून असे प्रतिपादन केले की, दख्खनचा लाव्हा समजला जातो तसा क्रिटेशस काळातील नाही. तो त्यानंतरच्या तृतीयक कालखंडाच्या आरंभीचा आहे. आजच्या किरणोत्सर्गी कालमापनानुसार हे उद्रेक सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, नेमके या दोन कालखंडांच्या संधिकाळी झाले. काही थर सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. म्हणजे वादातील दोन्ही पक्षांच्या पदरात थोडेथोडे सत्य होते.

साहनी यांची जिज्ञासा वनस्पतींपुरती थांबत नसे. काश्मीरच्या करेवा या जुन्या सरोवराच्या गाळात त्यांनी पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींचे अवशेष अभ्यासले. हा गाळ पीरपंजालच्या उंच उतारांवरही आढळतो. शिंगाड्यासारख्या वनस्पती अशा उंचीवर कशा वाढतील? त्यावरून मानवाच्या अवतरणानंतरही हिमालय उंचावत राहिला, हा विचार त्यांनी १९३६ मध्ये मांडला. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट येथील टेकाडावर त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले. ते यौधेयांच्या नाण्यांचे होते. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापकाने नाणी ओतण्याच्या प्राचीन भारतीय तंत्रावर जो ग्रंथ लिहिला, तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नाणकशास्त्रातील मानाचे पदक त्याला मिळाले. तुकड्यांवरून मूळ वस्तूची घडण ओळखण्याचे जे कसब त्यांनी खोडांच्या छेदांवर कमावले होते, तेच त्यांनी येथे वापरले. १९२९ मध्ये केंब्रिजने त्यांना एस्सी. डी. ही पदवी दिली. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४० मध्ये मद्रासला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आता त्या मिठाच्या डोंगरांविषयी. त्या रांगेतील मीठ अत्यंत प्राचीन, कँब्रियन काळातील आहे की पुष्कळ अलीकडचे, याविषयी भूशास्त्रज्ञांत जुना वाद होता. १९४४ च्या सुमारास साहनी यांनी त्या मिठाचे आणि त्याबरोबरच्या खडकांचे नमुने विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना त्यांत लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि उपत्वचेचे कपटे आढळले. त्यांचा तर्क बिनतोड होता. कँब्रियन काळी जमिनीवर लाकूड असणारी वनस्पती अस्तित्वातच नव्हती. प्रकाष्ठ फार पुढे निर्माण झाले. ज्याअर्थी मिठात लाकूड आहे, त्याअर्थी मीठ अलीकडचे असले पाहिजे. प्रत्यक्ष डोंगरात थरांची मांडणी तपासणाऱ्या काही भूशास्त्रज्ञांना हे पटले नाही. बाहेरचे कण नमुन्यांत शिरले असावेत, असा आक्षेप आला. आपण पुरेशी दक्षता घेतली आहे, असे साहनी यांचे म्हणणे होते. चर्चासत्रे झाली, पण वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. पुढील संशोधनाने कौल त्यांच्या विरुद्ध दिला. हे मीठ सुमारे चोपन्न-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचे आहे हे आता मान्य झाले आहे. ते लाकडाचे कण त्या मिठाचे नव्हते.

ज्याने तरुणपणी परक्या परागकणांविषयी जगाला सावध केले, त्यालाच प्रौढपणी परक्या कणांनी चकविले. चरित्रकार बहुधा हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. थोरांच्या चुका झाकणे ही आपली जुनी रीत आहे. परंतु या प्रकरणात लाज वाटण्यासारखे काय आहे? साहनी यांचा सिद्धांत चुकला नव्हता. कँब्रियन काळी लाकूड नव्हते, हे आजही तितकेच खरे आहे. चूक झाली ती पुराव्याच्या शुद्धतेत. त्यांनी आपला पुरावा उघड मांडला आणि इतरांना तपासू दिला. यास्तव तो खोडून काढता आला. ज्या विधानाची परीक्षाच घेता येत नाही, ते कधी चूक ठरत नाही, आणि ज्ञानात भरही घालीत नाही. आपल्या वर्गांतून शास्त्रज्ञांची चरित्रे केवळ यशाच्या याद्या म्हणून शिकविली जातात. त्यामुळे चूक होणे म्हणजे नापास होणे, अशी विद्यार्थ्याची समजूत होते आणि तो प्रश्न विचारण्यासच कचरू लागतो. साहनींचे हे अपयश त्यांच्या यशाइतकेच शिकविण्यासारखे आहे.

वैयक्तिक कीर्तीपेक्षा विषय टिकला पाहिजे, ही जाणीव त्यांना प्रथमपासून होती. भारतात पुरावनस्पतिशास्त्राला स्वतःचे घर नव्हते. नमुने निरनिराळ्या कपाटांत विखुरलेले, आणि तुलनेसाठी परदेशी जावे लागे. १९४६ मध्ये साहनी पतिपत्नींनी आपला ग्रंथसंग्रह, जीवाश्म आणि मालमत्ता देऊन एक विश्वस्त निधी स्थापला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेचा आरंभ झाला. देशाची फाळणी तोंडावर आली होती. पुढल्या वर्षी जन्मगाव, शिक्षणाचे लाहोर आणि ते मिठाचे डोंगरही सीमेपलीकडे गेले. अशा काळात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींसाठी घर बांधणाऱ्याला काही जणांनी स्वप्नाळू म्हटले असेल. पण १९४८ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने संस्थेला जागा आणि बंगला दिला, आणि पुढल्या एप्रिलमध्ये कोनशिला बसली.

साहनी गेले तेव्हा ही संस्था त्यांच्याबरोबरच संपावयाची. आपल्याकडील कितीतरी संस्थांचे तसे झाले आहे. ती टिकली याचे मोठे श्रेय सावित्री साहनी यांना आहे. पतीच्या निधनानंतर त्यांनी संस्थेचा भार उचलला आणि सुमारे दोन दशके तो वाहिला. १९५३ च्या प्रारंभी नेहरूंच्याच हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. संस्थेला साहनींचे नाव मिळाले, आणि २०१५ मध्ये तिचे कार्यक्षेत्र विस्तारून ती बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था झाली. सावित्रीबाई स्वतः संशोधक नव्हत्या. परंतु संशोधनाला छप्पर, पगार आणि सातत्य लागते, हे त्यांना अनेक संशोधकांपेक्षा अधिक कळले होते.

आज विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात शेताच्या बांधावर, ओढ्याच्या पात्रात असे अश्मीभूत लाकूड अजूनही पडलेले असते. कोणी त्याचा पाया भरण्यासाठी उपयोग करतो, कोणी ते शोभेची वस्तू म्हणून घेऊन जातो. एकदा जागेवरून हललेल्या जीवाश्माचे निम्मे मोल जाते, कारण तो कोणत्या थरातून आला हे मग सांगता येत नाही. मिठाच्या डोंगरांच्या वादाने नेमके हेच शिकविले आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी आपल्या पंचक्रोशीतील अशा स्थळांची नोंद ठेवली आणि मुलांना ती तेथेच दाखविली, तर दोन कामे साधतील. स्थळांवर कोणाची तरी नजर राहील, आणि खोडाच्या छेदाची आकृती ज्याला रुक्ष वाटते त्या विद्यार्थ्याला ती आकृती आपल्याच शेतातल्या दगडात दिसेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सुट्टीचा एक दिवस, एक भिंग आणि वाट दाखविणारा शिक्षक एवढे पुरते. लाहोरच्या एका प्राध्यापकाने आपल्या मुलाला सुट्टीत डोंगर दाखविले, तेव्हा त्याच्याजवळ याहून फारसे अधिक नव्हते.